खीरगंगेचा मुक्काम : एका पदभ्रमणाचे नियोजन

कोकणातील काही गावांची नावे आठवून पाहा. रायगड जिल्ह्यातील उन्हेरे, रत्नागिरी जिल्ह्यातील उन्हवरे आणि राजापूरजवळचे उन्हाळे. या तिन्ही नावांत ‘ऊन’ हा शब्द दडलेला आहे. ‘ऊन’ म्हणजे केवळ सूर्याचा ताप नव्हे. जुन्या मराठीत आणि आजही खेड्यापाड्यांत ‘ऊन पाणी’ म्हणजे गरम पाणी. जमिनीतून गरम पाणी आपोआप वर येते, हे पाहून लोकांनी गावाला नाव दिले. खानदेशातील उनपदेवही याच कुळातला. वज्रेश्वरी, गणेशपुरी, अकलोली, तुरळ, आरवली येथील कुंडेही महाराष्ट्राला परिचित आहेत. मात्र या बहुतेक कुंडांपर्यंत आज एस. टी. किंवा रिक्षा जाते. अंघोळ करून त्याच दिवशी घरी परतता येते.

प्रस्तुत पाठात आपण अशा एका कुंडाचा विचार करणार आहोत, जेथे कोणतेही वाहन जात नाही. हे कुंड हिमाचल प्रदेशातील कुल्लू जिल्ह्यात, पार्वती नदीच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे २,९५० मीटर उंचीवर आहे. त्याचे नाव खीरगंगा. दिवसभर चढण चढून तेथे पोहोचावे लागते, रात्र तेथेच काढावी लागते आणि दुसऱ्या दिवशी उतरावे लागते. दिल्लीत राहणारे शेकडो तरुण दरवर्षी तेथे जातात. त्यांतील बहुतेक सुखरूप परत येतात. काही जण मात्र येत नाहीत. पार्वती खोऱ्यात १९९० च्या दशकापासून अनेक परदेशी पर्यटक बेपत्ता झाले आहेत आणि त्यांपैकी कित्येकांचा पुढे मागमूसही लागलेला नाही. म्हणून या पाठाचा विषय प्रवासवर्णन हा नसून नियोजन हा आहे.

मुनिरक्यातील चौघे

दक्षिण दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठाच्या लगत मुनिरका नावाचे जुने गाव आहे. आता ते शहरात पुरते सामावले गेले असले, तरी त्याच्या गल्ल्या अजून गावाच्याच आहेत. इतक्या अरुंद की समोरासमोरच्या दोन सज्ज्यांतून हात मिळवता यावा. चार-पाच मजली इमारतींतील लहान खोल्यांत देशाच्या सर्व प्रांतांतील विद्यार्थी आणि नोकरदार भाड्याने राहतात. त्यांत महाराष्ट्रातून स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी आलेले किंवा लहानमोठी नोकरी धरून शिकणारे तरुणही असतात.

समजा, अशाच एका खोलीतील चौघांनी ऑक्टोबर महिन्यात खीरगंगेला जायचे ठरवले आहे. दोघे नोकरी करतात, दोघे शिकतात. नोकरी करणाऱ्यांना शनिवार-रविवारची सुट्टी आहे. त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पाहून पुढील बेत आखला : शुक्रवारी रात्री आठ वाजता दिल्लीहून बस पकडायची, शनिवारी खीरगंगा गाठायची, रविवारी उतरायचे आणि सोमवारी सकाळी परत कामावर हजर व्हायचे. एकही रजा खर्च होत नाही. कागदावर हा बेत निर्दोष दिसतो. तो खरोखरच तसा आहे का, हे तपासण्यासाठी आपल्याला थोडे गणित करावे लागेल.

मुनिरक्याहून मेट्रोने हौज खासला गाडी बदलून काश्मिरी गेटच्या आंतरराज्य बस स्थानकावर पोहोचता येते. तेथून कुल्लू-मनालीकडे जाणाऱ्या बसने भुंतर हे गाव सुमारे पाचशे किलोमीटरवर आहे. रात्रभराचा प्रवास, बारा ते चौदा तास लागतात असे धरावे. म्हणजे शनिवारी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास चौघे भुंतरला उतरतील. येथे पार्वती नदी बियास नदीला मिळते. येथून स्थानिक बस कसोल, मणिकर्ण अशी गावे घेत बरशैणीला जाते. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास असले, तरी रस्ता अरुंद आणि वळणांचा आहे. बसची वाट पाहणे, चहा, नाश्ता हे सारे धरता बरशैणीला दुपारचे एक ते दोन वाजणार. मोटाररस्त्याची साथ येथपर्यंतच. पुढे पायी जायचे.

पायवाटेला किती वेळ लागेल? यासाठी विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा नियम सांगितला होता. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर असा वेग धरावा आणि चढाच्या प्रत्येक सहाशे मीटरसाठी एक तास अधिक मोजावा. बरशैणी सुमारे २,२०० मीटरवर आहे. म्हणजे चढ साडेसातशे मीटरचा. अंतर साधारण बारा किलोमीटर. बारा किलोमीटरला दोन तास चोवीस मिनिटे आणि साडेसातशे मीटरला सव्वा तास. एकूण तीन तास चाळीस मिनिटांच्या आसपास. पण हा हिशेब कसलेल्या, विश्रांती न घेणाऱ्या माणसाचा आहे. पाठीवर ओझे घेतलेल्या, पहाडाची सवय नसलेल्या शहरवासीयाने त्याची दीडपट करावी हे बरे. म्हणजे साडेपाच तास.

दुपारी दीड वाजता निघालेले चौघे सायंकाळी सात वाजता पोहोचतील. ऑक्टोबरमध्ये उत्तर भारतात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो आणि अरुंद दरीत तर तो त्याच्याही आधी डोंगराआड जातो. याचा अर्थ असा की, वाटेतील सर्वांत अवघड टप्पा, रुद्रनागच्या पुढचा जंगलातील खडा चढ, हे चौघे अंधारात, रात्रभर न झोपता, दमलेल्या पायांनी चढणार आहेत. बेतातील दोष आता स्पष्ट झाला. त्यांच्या शौर्यात काही कमी नव्हते. त्यांनी केवळ शनिवारचे तास मोजले नव्हते.

उपाय साधा आहे, पण त्याची किंमत आहे. गुरुवारी रात्री निघावे. शुक्रवारी दुपारी बरशैणीला पोहोचून नदीपलीकडच्या कलगा किंवा पुलगा गावात मुक्काम करावा. शनिवारी सकाळी आठच्या आत चालू लागावे, म्हणजे दुपारी दोनपर्यंत खीरगंगा गाठता येते. रविवारी सकाळी सातला उतरायला लागले की दुपारी बाराच्या आत बरशैणी, चारपर्यंत भुंतर आणि रात्रीच्या बसने सोमवारी सकाळी दिल्ली. यासाठी शुक्रवारची एक रजा घ्यावी लागते. ज्याला रजेचा पगार मिळत नाही, त्याच्या दृष्टीने ही एका दिवसाची मजुरी आहे आणि ती लहान गोष्ट नव्हे. तरीही मला वाटते, ही रक्कम प्रवासखर्चातच धरावी. ती परवडत नसेल तर बेत पुढे ढकलावा. वेळ वाचवण्यासाठी अंधार विकत घेऊ नये.

उंची आणि हवा

शुक्रवारच्या मुक्कामाचा आणखी एक लाभ आहे. दिल्ली समुद्रसपाटीपासून सुमारे २२० मीटरवर आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. कसोल हे गाव साधारण तितक्याच उंचीवर वसलेले आहे. म्हणजे बसमधून उतरताच आपण जणू कळसूबाईच्या माथ्यावर उभे असतो आणि चालायला अजून सुरुवातही झालेली नसते.

उंचीवर हवा विरळ होते. प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. साधारणपणे अडीच हजार मीटरच्या वर काही जणांना याचा त्रास होऊ लागतो. डोके दुखते, मळमळते, भूक मरते, झोप लागत नाही. हा त्रास कोणाला होईल हे आधी सांगता येत नाही. धष्टपुष्ट तरुणाला होतो आणि शेजारच्या वयस्क माणसाला होत नाही, असेही घडते. खीरगंगा या मर्यादेच्या वर आहे. म्हणून मधल्या उंचीवर एक रात्र काढली की शरीराला जुळवून घ्यायला अवधी मिळतो. लक्षणे दिसलीच तर आणखी वर जाऊ नये. विश्रांतीनेही ती वाढत गेली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बसल्या जागी धाप लागली, तर वाट न पाहता सोबत्यासह खाली उतरावे. खाली उतरणे हेच यावरचे सर्वांत खात्रीचे औषध आहे.

थंडीचाही अंदाज आधी बांधता येतो. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. दिल्ली आणि खीरगंगा यांच्या उंचीतील फरक सुमारे २,७०० मीटर; म्हणजे तापमानातील फरक सुमारे १७ ते १८ अंश. दिल्लीत रात्री २० अंश असतील, तर खीरगंगेला दोन-तीन अंशच उरतात. मुनिरक्याच्या खोलीत पंखा लावून सामान भरणाऱ्या माणसाला हे पटत नाही. तो एक स्वेटर पिशवीत टाकतो आणि निश्चिंत होतो.

कोणत्या ऋतूत जावे, याविषयी फार चर्चेची गरज नाही. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत आणि सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरच्या आरंभापर्यंतचा काळ योग्य. हिवाळ्यात वाट बर्फाखाली जाते. पावसाळ्यात मात्र मुळीच जाऊ नये. ६ जुलै २०२२ रोजी याच मणिकर्ण खोऱ्यातील चोज गावाजवळ ढगफुटी झाली आणि माणसे वाहून गेली. पुढच्याच वर्षी, जुलै २०२३ मध्ये, कुल्लू-मंडी भागातील रस्ते पुराने तुटले आणि हजारो पर्यटक दिवसेंदिवस अडकून पडले. सह्याद्रीत पावसाळा हा भटकंतीचा ऋतू मानला जातो. त्या सवयीने हिमालयात जाणाऱ्या मराठी माणसाला हे मुद्दाम सांगावे लागते.

शरीराची तयारी

किमान सहा आठवडे आधी तयारी सुरू करावी. मुनिरक्यात डोंगर कोठून आणायचा, असा प्रश्न पडेल. पण इमारतीचा जिना आहे! एका मजल्याची उंची तीन मीटर धरली, तर तळमजल्यापासून चौथ्या मजल्यावरच्या गच्चीपर्यंत पंधरा मीटर चढ होतो. बरशैणी ते खीरगंगा हा साडेसातशे मीटरचा चढ म्हणजे हा जिना पन्नास वेळा चढणे. पहिल्या आठवड्यात दहा वेळा चढून पाहावे. तेवढ्यानेच बऱ्याच गोष्टी लक्षात येतात. नंतर पाठीवर सॅक आणि तीत पाण्याच्या बाटल्या घेऊन हळूहळू संख्या वाढवावी. उतरण्याचाही सराव होतो, हे विसरू नये. गुडघे दुखतात ते बहुधा उतरताना. रविवारी जवळच्या संजय वनातील खडकाळ वाटांवर दोन-तीन तास चालावे. अरवलीच्या जुन्या डोंगररांगेचा हा भाग आहे. तेथे उंची नाही, परंतु दगडगोट्यांवर पाऊल टाकण्याची सवय लागते.

हा सराव ज्या बुटांनी डोंगर चढायचा त्याच बुटांनी करावा. प्रवासाच्या आदल्या दिवशी घेतलेला नवा बूट दुसऱ्या तासाला टाच सोलून काढतो आणि मग बारा किलोमीटरची वाट चोवीस किलोमीटरची होते.

सॅकमध्ये काय असावे

सामानाविषयी पहिला नियम वजनाचा. सॅकचे वजन स्वतःच्या वजनाच्या एक पंचमांशाहून अधिक नसावे. साठ किलो वजनाच्या माणसाने बारा किलोवर थांबावे; त्याहून कमी असल्यास उत्तमच.

कपड्यांबाबत आपली एक समजूत दुरुस्त करावी लागेल. सुती कापड आपल्या हवेत सर्वांत सुखाचे. परंतु डोंगरात ते घामाने किंवा पावसाने ओले झाले की लवकर वाळत नाही आणि शरीराची उष्णता शोषून घेते. म्हणून अंगालगत लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे किंवा लोकरीचे वस्त्र, त्यावर लोकरीचा थर आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे जाकीट, अशी तीन थरांची रचना असावी. एकाच जाड कोटापेक्षा हे थर सोयीचे. चढताना काढता येतात, थांबल्यावर घालता येतात. जीन्सची विजार घरी ठेवावी. कानटोपी, हातमोजे, मोज्यांचे दोन जास्तीचे जोड हवेत. आणि रात्रीसाठी राखलेला कोरड्या कपड्यांचा एक संच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवावा. काहीही झाले तरी तो दिवसा उघडू नये. कुंडातून बाहेर आल्यावर हाच संच कामाला येतो.

प्रत्येकाजवळ स्वतंत्र विजेरी असावी. चौघांत एक नव्हे. शिट्टी जवळ असावी, कारण दरीत नदीच्या आवाजापुढे माणसाची हाक ऐकू जात नाही. शिट्टीचे सहा फुंके, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा, हा पहाडांतील संकटाचा जुना संकेत आहे. मोबाइलवर विसंबू नये. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि वरच्या भागात संपर्काची खात्री नसते.

खाण्याच्या बाबतीत मात्र मराठी घराला कोणी शिकवण्याची गरज नाही. गूळ-शेंगदाणे, फुटाणे, चिवडा, डिंकाचे किंवा दाण्याचे लाडू हे सारे हलके, टिकाऊ आणि शक्ती देणारे. गावाहून आलेला डबा यासाठी राखून ठेवावा. पाणी मात्र वाटेतले तसेच पिऊ नये, ते कितीही स्फटिकासारखे दिसले तरी. वरच्या कुरणांत गुरे-मेंढ्या चरतात. पाणी उकळून घ्यावे. दोन हजार मीटरच्या वर पाणी कमी तापमानाला उकळते, म्हणून ते तीन मिनिटे खळखळू द्यावे. उकळणे शक्य नसल्यास क्लोरीनच्या गोळ्या वापराव्यात आणि वेष्टनावर सांगितलेला वेळ पुरता जाऊ द्यावा.

बरशैणीपलीकडे रोख पैशांवरच भिस्त ठेवावी. ओळखपत्र जवळ बाळगावे.

वाट

बरशैणीहून खीरगंगेकडे जाणाऱ्या दोन मुख्य वाटा आहेत. एक नदीच्या उजव्या तीरावरून नकथान गावातून जाते. या वाटेवर वस्ती आहे, शेते आहेत, हंगामात चहाच्या टपऱ्या असतात आणि येणारी-जाणारी माणसे भेटतात. रुद्रनागच्या धबधब्यानंतर पूल ओलांडून डाव्या तीरावर यावे लागते आणि तेथून देवदारांच्या जंगलातला खडा चढ सुरू होतो. दुसरी वाट कलगा गावातून, डाव्या तीराच्या दाट जंगलातून जाते. ती सुंदर आहे, सावलीची आहे; पण वस्ती नाही, फाटे अनेक आहेत आणि चुकल्यास विचारायला कोणी नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने नकथानच्या वाटेनेच जावे आणि त्याच वाटेने परतावे. कलगा गावात मुक्काम केला तरीही सकाळी पूल ओलांडून बरशैणीला येऊन निघावे. अर्धा तास वाया गेला असे वाटेल. वाटू द्यावे.

पुलगाजवळ पार्वती जलविद्युत प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचे धरण आहे. धरणाच्या खालच्या अंगाला नदीचे पात्र कोरडे, दगडांचे दिसले तरी छायाचित्रासाठी त्यात उतरू नये. पाणी सोडले की ते क्षणात वाढते.

निघतानाच परतीची वेळ ठरवून ठेवावी. उदाहरणार्थ, ‘दुपारी दोनपर्यंत रुद्रनागचा पूल ओलांडला नाही, तर नकथानला परत फिरायचे आणि तेथेच राहायचे.’ ही वेळ घरी, थंड डोक्याने ठरवायची असते. डोंगरात दमलेला माणूस नेहमी म्हणतो, ‘आता थोडेच राहिले आहे.’ आणि गटाचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याचा असावा. त्याला मागे ठेवून तिघे पुढे गेले, तर तो गट राहत नाही. तीन आणि एक होतात.

खीरगंगेवर राहण्याच्या सोयीचे नियम बदलत आले आहेत. तेथे एके काळी तंबूंची जणू वसाहतच झाली होती. कचरा आणि सांडपाण्याने कुरण खराब होऊ लागले, तेव्हा २०१८ साली वनविभागाने तेथील बेकायदा तंबू हटवले. या भागाला लागूनच खीरगंगा राष्ट्रीय उद्यान आहे. म्हणून जाण्यापूर्वी कुल्लूच्या वनविभागाकडे किंवा बरशैणीला स्थानिक लोकांकडे त्या हंगामात मुक्कामाची काय परवानगी आहे, याची चौकशी करावी. कोणा अनोळखी माणसाने देऊ केलेले अमली पदार्थ घेऊ नयेत. या खोऱ्याची त्याबाबत कुप्रसिद्धी आहे. कायदा कडक आहे आणि उंचीवर, थंडीत, बधिर झालेला माणूस वाट चुकतो.

पाणी गरम का असते?

कुंडापाशी पोहोचल्यावर हा प्रश्न मनात येतोच. जवळपास ज्वालामुखी नाही. मग उष्णता कोठून येते? जमिनीच्या पोटात जसजसे खोल जावे तसतसे तापमान वाढत जाते. सरासरी दर किलोमीटरला पंचवीस ते तीस अंशांनी. पावसाचे आणि बर्फाचे पाणी खडकांच्या भेगांतून झिरपत काही किलोमीटर खोल जाते, तेथे तापते आणि एखाद्या मोठ्या भेगेतून वेगाने वर येते. वेगाने येते म्हणूनच वाटेत निवत नाही. भारतीय भूखंड आशियाला धडकून हिमालय उभा राहिला. त्या रेट्याने येथील खडक खोलवर भंगले आहेत. त्यामुळे पाण्याला खाली जायला आणि वर यायला वाटा मिळाल्या. कोकणातील कुंडांचेही कारण बहुतांशी असेच, खोल भेगांतून फिरून येणारे पाणी, असे मानले जाते. सह्याद्रीचा काळा खडक लाव्हारसाचा असला, तरी तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच थंड झाला आहे. उन्हेऱ्याचे पाणी त्या लाव्ह्याने तापत नाही.

मणिकर्णचे पाणी इतके गरम असते की तेथील गुरुद्वाऱ्याच्या लंगरासाठी भांडी झऱ्यातच ठेवून अन्न शिजवतात. त्या झऱ्यांत हात घालू नये. भाजण्याचा धोका खरा आहे. खीरगंगेचे कुंड मात्र अंघोळीजोगे आहे. पाण्याला दुधाळ झाक असते, साय तरंगावी तसे पांढरे कण दिसतात, त्यावरून हे नाव पडले. शिवपुत्र कार्तिकेयाने येथे तप केले अशी लोकश्रद्धा असून वर शंकराचे लहान मंदिर आहे. स्त्रियांसाठी वेगळे, बंदिस्त कुंड आहे. हे देवस्थान आहे, याचे भान ठेवून साबण, शाम्पू लावू नये आणि मद्यपान करून पाण्यात उतरू नये.

चढून आल्याबरोबर कुंडात उतरण्याचा मोह होतो. तो थोडा आवरावा. आधी पाणी प्यावे, काही खावे, अर्धा तास बसावे. गरम पाण्यात रक्तवाहिन्या प्रसरण पावतात, रक्तदाब उतरतो. दमलेला, तहानलेला माणूस अचानक उभा राहिला तर भोवळ येते. दहा-पंधरा मिनिटे पुरेत. डोके पाण्याखाली घालू नये. कोमट, नैसर्गिक पाण्यात क्वचित असा एक अमीबा असू शकतो की जो नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचतो. हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी आधी डॉक्टरांना विचारावे. बाहेर येताच अंग, विशेषतः केस, कोरडे करून तो बांधून ठेवलेला कपड्यांचा संच घालावा.

येथे एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. वाटेत भिजून गारठलेल्या सोबत्याला गरम कुंडात बसवले की तो बरा होईल, असे कोणालाही वाटेल. हे धोक्याचे ठरू शकते. शरीराचे तापमान घसरले की आधी जोराची हुडहुडी भरते, मग बोटे काम देईनाशी होतात, बोलणे अडखळते, माणूस असंबद्ध वागतो. पुढे हुडहुडी थांबते. ती थांबली म्हणजे बरे वाटू लागले असे नव्हे. ते गंभीर अवस्थेचे चिन्ह आहे. अशा माणसाला एकदम गरम पाण्यात ठेवल्यास त्वचेकडील रक्तवाहिन्या उघडतात, रक्तदाब कोसळतो आणि हृदयावर ताण येतो. त्याला वाऱ्यापासून आडोसा द्यावा, ओले कपडे काढून कोरडे घालावेत, जमिनीवर सतरंजी किंवा सॅक अंथरून वर ब्लँकेट गुंडाळावे. शुद्धीवर असून गिळता येत असेल तर गरम गोड चहा द्यावा. हातपाय चोळू नयेत, दारू देऊ नये. आणि कोणाला तरी मदतीसाठी खाली पाठवावे, शक्यतो दोघांना. चौघांचा गट सोयीचा असतो तो यासाठी. एक आजारी, एक त्याच्याजवळ, दोघे खाली. संपर्क मिळताच ११२ या क्रमांकावर कळवावे. मोठे रुग्णालय कुल्लूला आहे, म्हणजे मदत यायला कित्येक तास लागणार, हे गृहीत धरूनच वागावे.

मागे ठेवायची चिठ्ठी

नियोजनातील शेवटचा भाग सर्वांत स्वस्त आहे; त्याला एक कागद आणि पाच मिनिटे लागतात. तरी तोच बहुधा राहून जातो. गावी आईवडिलांना काळजी नको म्हणून मुले सांगत नाहीत. खोलीमालकाला सांगायचा प्रश्नच नसतो. मग काही विपरीत घडले, तर शोध कोठून सुरू करायचा हेच कोणाला ठाऊक नसते. पहाडात बेपत्ता झालेल्यांच्या बाबतीत शोध घेणाऱ्यांचे पहिले दिवस पुष्कळदा एवढ्याच प्रश्नात जातात की, तो शेवटी कोठे जाणार होता. म्हणून शहरात मागे राहणाऱ्या एका विश्वासू माणसाजवळ लेखी तपशील ठेवावा. आपल्या चौघांनी शेजारच्या खोलीतील वयाने मोठ्या मित्राजवळ ठेवलेली चिठ्ठी अशी असू शकेल :

‘दादा,

आम्ही चौघे आज, गुरुवारी रात्री आठच्या बसने काश्मिरी गेटहून भुंतरला निघत आहोत. शुक्रवारी रात्री कलगा गावात मुक्काम. शनिवारी सकाळी आठ वाजता बरशैणीहून नकथानच्या वाटेने खीरगंगेला जाऊ. कलग्याच्या जंगलवाटेने जाणार नाही. रात्री खीरगंगा. खीरगंगेच्या पुढे जाणार नाही. रविवारी त्याच वाटेने उतरून दुपारी बरशैणीहून तुम्हाला फोन करू. वर फोन लागत नाही, तेव्हा शनिवारी फोन आला नाही तर काळजी करू नका.

रविवारी रात्री आठपर्यंत फोन आला नाही, तर ११२ वर कळवून कुल्लू पोलिसांशी जोडून देण्यास सांगा आणि त्यांना हा कागद वाचून दाखवा. चौघांची नावे, घरचे क्रमांक, रक्तगट आणि अंगावरील जाकिटांचे रंग मागील बाजूस लिहिले आहेत. आमच्यापैकी एकाला दम्याचा त्रास आहे. त्याचे औषध त्याच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात आहे.

गावी सध्या काही सांगू नका. मात्र रविवारी रात्री आठनंतर आमच्यासाठी थांबू नका, सांगा.’

मोठ्या मित्राने चिठ्ठी वाचून घडी घातली आणि विचारले, ‘रविवारी बस चुकली, दरड पडली, म्हणून नुसता उशीर झाला तर?’ प्रश्न बरोबर होता. चौघांनी कागद परत घेतला आणि खाली आणखी एक ओळ लिहिली : ‘उशीर होणार असे दिसले, तर बरशैणी किंवा मणिकर्णहून कोणाच्याही फोनवरून तुम्हाला कळवू, तुमचा क्रमांक चौघांनी कागदावर लिहून खिशात ठेवला आहे.’